घरच्या नोडचा जमाखर्च

“महिन्याला किती सुटतात, मॅडम?”

साताऱ्यात छोट्या व्यापाऱ्यांची पुस्तकं लिहिणं आणि जीएसटीची विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय. ऑफिस घरातच. त्यामुळे बिलांची पिशवी घेऊन आलेला माणूस चपला काढता काढता बुटांच्या कपाटाकडे बघतो, आणि तिथे राउटरशेजारी रात्रंदिवस चालू असलेला वीतभर पीसी त्याला दिसतो. बिटकॉइनचा नोड आहे असं सांगितलं की डोळे लकाकतात आणि वरचा प्रश्न येतो. काहीच सुटत नाही म्हटलं की समोरच्यापुढे दोनच शक्यता उरतात: एकतर ही बाई खुळी आहे, नाहीतर उत्पन्न लपवतेय. हिशेब लिहिणाऱ्या माणसाबद्दल दुसरी शंका जरा लवकर येते.

उत्पन्न खरोखरच शून्य आहे. लोकांची गल्लत होते ती मायनिंगशी. मायनिंग करणारे बेसुमार वीज जाळून नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, तयार करतात आणि त्याचं बक्षीस घेतात. नोड तो ब्लॉक तपासतो, साठवतो, पुढे पाठवतो, आणि या कामाची त्याला दमडी मिळत नाही. मिळण्याची सोयही करता येत नाही. नोडमागे पैसे ठेवले की एकच माणूस भाड्याच्या सर्व्हरवर हजार नोड उभे करून आपण हजार माणसं असल्याचा आव आणणार. मायनरला आपली मेहनत दाखवता येते, कारण ब्लॉकच्या हॅशमध्येच, म्हणजे त्यावरून गणितानं निघणाऱ्या ठशातच, ती दिसते. नोडला आपण वेगळे आहोत हेसुद्धा सिद्ध करता येत नाही. तेव्हा घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, असा हा सगळा मामला. निदान वरवर बघता तसाच दिसतो.

नोड म्हणजे काय हे अशिलांना समजावताना मी तलाठ्याचं दप्तर पुढे करते. समजा, गावच्या पहिल्या सातबाऱ्यापासून कालच्या फेरफारापर्यंतचं अख्खं दप्तर गावातल्या ज्याला हवं त्याच्या घरात आहे. नवा फेरफार आला की प्रत्येक घर तो जुन्या नोंदींशी स्वतः ताडून बघतं, आणि खोटा निघाला तर आपल्या दप्तरात घेतच नाही. तलाठी काय म्हणतो, सर्कल काय म्हणतो, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. हे ऐकून एकजण म्हणाले, “मग आमच्या चुलत्यांनी बांध सरकवला नसता.” त्यावर मी काही बोलले नाही.

माझ्या पीसीवरचं दप्तर ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सुरू होतं. साधारण दर दहा मिनिटांनी नवा ब्लॉक येतो, दिवसाला १४४ च्या आसपास. प्रत्येक व्यवहाराची सही खरी आहे का, तेच नाणं आधी कुठे खर्च झालंय का, मायनरनं ठरल्यापेक्षा जास्त बक्षीस तर घेतलं नाही ना, हे सगळं यंत्र बघतं. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे नवी नाणी ३.१२५. कुणी ३.१२६ घेतली, तर त्यानं कितीही वीज जाळलेली असो, माझ्या घरात तो ब्लॉक येत नाही.

अशी वेळ एकदा खरोखर आली होती. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये बेरजेच्या एका त्रुटीमुळे १८४ अब्जांवर बिटकॉइन हवेतून निर्माण झाले. एकूण मर्यादा आहे २ कोटी १० लाखांची. काही तासांत दुरुस्त केलेली आवृत्ती आली, लोकांनी ती आपापल्या यंत्रांवर बसवली, त्या यंत्रांनी तो ब्लॉक झिडकारला आणि ब्लॉकांची नवी साखळी जुनीच्या पुढे निघून गेली. कुठल्या कार्यालयातून आदेश निघाला नव्हता. त्यावेळी नोड चालवणं म्हणजे साध्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम उघडून ठेवणं, एवढंच होतं. खर्च असा नव्हताच.

आता आहे. तो मांडते, सवयच आहे.

आधी भांडवली खर्च. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले छोटे पीसी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड मिळतात. आठ जीबी रॅमचा एक दहाएक हजारांना पडला. त्यात एक टीबीची एसएसडी, सहा हजारांच्या आसपास. पीसीसाठी आणि राउटरसाठी लहानसा यूपीएस. सगळं मिळून वीस हजारांच्या आत. रास्पबेरी पायवरही हेच होतं, वीज थोडी कमी लागते, पण त्याची केस, चार्जर, डिस्कची केबल असं करत करत बिल तिथेच येऊन पोचतं, आणि वेग मात्र कमी.

मग चालू खर्च. हा पीसी सरासरी पंधरा वॅट खातो. महिन्याचे झाले सुमारे ११ युनिट. आमचं बिल तसंही शंभर युनिटांच्या पुढच्या टप्प्यात असतं, त्यामुळे युनिटमागे दहा-बारा रुपये धरले तर सव्वाशेच्या घरात. घरातला जुना डेस्कटॉप यासाठी वापरला असता तर साठ वॅटनी ४३ युनिट, म्हणजे पाचशेच्या आसपास. वर्षभराच्या फरकात पीसीची निम्म्याच्या आसपास किंमत सुटते. ब्रॉडबँड घरात होतंच, त्याचा भार नोडवर टाकणं बरोबर नाही. महिन्याला वीसेक जीबी डाउनलोड होतं. बाहेरच्या नोडांना तुमच्याशी जोडू दिलं तर अपलोड दोनशे जीबीच्याही वर जाऊ शकतं, पण ‘अनलिमिटेड’ प्लॅनची जी ३३०० जीबीची मर्यादा असते तिच्यात हे सहज मावतं.

बाहेरच्यांना जोडू देणं मात्र आपल्या हातात नसतं. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तुमचा नोड बाहेर जाऊन दहा जणांशी बोलू शकतो, पण तुमचं दार बाहेरून वाजवता येत नाही. मी आमच्या कंपनीला फोन करून स्वतंत्र पत्त्याची चौकशी केली. पलीकडच्या मुलानं विचारलं, “मॅडम, कॅमेरे लावायचेत का?” नाही म्हटल्यावर त्याच्या यादीत दुसरं कारणच नव्हतं. शेवटी टॉर या पत्ता लपवणाऱ्या जाळ्यावरून दार उघडलं, त्याला पत्ता लागत नाही, पैसेही लागत नाहीत. जगात बाहेरून पोचता येण्याजोगे बिटकॉइनचे नोड वीस हजारांच्या आसपास मोजले जातात. त्यातले निम्म्याहून जास्त याच वाटेनं उभे आहेत.

इथवरचा हिशेब बघितला तर खर्च फार नाही. चहाच्या टपरीवर महिन्याला याहून जास्त जातात. पण आतापर्यंत मी घसारा धरलेला नाही, आणि या व्यवहारातली गोम तिथेच आहे.

साखळीचा आकार ७०० जीबीच्या आसपास आलाय. दिवसाला अडीचशे एमबीच्या आतबाहेर भर पडते, वर्षाला ८०-९० जीबी. एक टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये संगणकाच्या मोजणीनं ९३१ जीबीच मावतात. त्यातून आपलं वॉलेट, म्हणजे नाण्यांच्या चाव्या सांभाळणारा प्रोग्राम, स्वतःच्या नोडला जोडायचं तर पत्त्यांची वेगळी सूची बनवावी लागते, ती आणखी पन्नास ते दीडशे जीबी खाते. म्हणजे सहा हजारांची डिस्क जेमतेम एक-दोन वर्षांची सोबती. मशीन झिजत नाही, नादुरुस्त होत नाही, तरी लहान पडतं. आयकराच्या तक्त्यात असल्या घसाऱ्याला दर नाही.

जुने ब्लॉक फेकून देण्याची सोय २०१५ पासून आहे. तपासून झालेले ब्लॉक पुसायचे, शेवटचे तेवढे ठेवायचे. साडेपाचशे एमबीवरसुद्धा भागतं. पण ही सोय डिस्कपुरती. फेकण्याआधी प्रत्येक ब्लॉक एकदा उतरवावा लागतो आणि तपासावा लागतोच.

ही पहिली उतरवणी बघण्यासारखी असते. पडद्यावर एकेका ब्लॉकची एकेक ओळ सरकते: क्रमांक, तारीख, किती टक्के झालं. २००९ आणि २०१० ची वर्षं चहाचा कप संपायच्या आत उडून जातात, कारण त्यांत व्यवहारच नाहीत, ब्लॉकमागून ब्लॉक रिकामा. २०१३ पासून ओळी जराशा अडखळू लागतात. २०१७ ला पंख्याचा आवाज वाढतो. तारखांचा स्तंभ पळायचा थांबून चालायला लागतो, आणि २०२३ पासून पुढे एकेक दिवस मोजून मापून सरकतो. टक्केवारीचा आकडा मधल्या काळात एवढा हळू हलतो की यंत्र अडकलंय असं वाटतं. आईनं दोनदा “हे बंद पडलंय का गं?” असं विचारलं. एसएसडी आणि बऱ्यापैकी रॅम असली तर एक-दोन दिवसांत उरकतं. पुण्यात माझ्या चुलत भावानं हेच जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सुरू केलं, तर ती आठवड्यांचं मागणं मागू लागली. कारण लिहिणं हे जड काम नव्हेच. प्रत्येक व्यवहाराला ‘हे नाणं अजून खर्च झालेलं नाही ना’ हे यादीत शोधावं लागतं, आणि ती यादी डिस्कभर विखुरलेली. सुई सारखी इकडून तिकडे पळते. खोलीत कुणीतरी रात्रभर सुपारी कातरतंय असा आवाज.

आणि लाईट. उन्हाळ्यात देखभालीसाठी म्हणून ती जाते, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात जाते, कधी नुसतीच जाते. यादी रॅममधून डिस्कवर उतरत असताना वीज गेली तर प्रोग्राम पुढच्या वेळी उघडताना सांगतो की डेटाबेस बिघडलाय, पुन्हा बांधू का? हो म्हटलं की पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात. ज्या देशांत हा प्रोग्राम लिहिला जातो तिथे यूपीएस ही चैन असेल. आपल्याकडे तो भांडवली खर्चाच्या यादीत सक्तीनं येतो.

मोबाइल डेटावर तर हिशेब सुरूच होत नाही. दिवसाला दोन जीबीचा प्लॅन धरा. ७०० जीबी उतरवायला साडेतीनशे दिवस, आणि त्या प्रत्येक दिवशी साखळी पाव जीबीनं वाढतेय, म्हणजे चारशे. तेरा महिने फोननं दुसरं काहीच करायचं नाही. ‘सामान्य माणसालाही नोड चालवता यावा’ हे वाक्य बिटकॉइनवाले उठताबसता म्हणतात. त्यांच्या डोळ्यांपुढचा सामान्य माणूस कोण आहे हे मला या गणितात दिसतं. त्याच्या घरात केबलचं इंटरनेट असतं, रोहित्र कधी उडत नाही, आणि पाचशे डॉलरला तो ‘थोडेसे पैसे’ म्हणतो. भारतात ज्यांच्याकडे इंटरनेट म्हणजे हातातला फोन, ते करोडो लोक त्या वाक्यात नाहीत.

तरीही त्या वाक्यासाठी लोक दोन वर्षं हमरीतुमरीवर आले होते, आणि भांडण खरोखरच या खर्चाचं होतं.

बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो यानं २०१० मध्ये ब्लॉकला एक एमबीची मर्यादा घातली. २०१५ पर्यंत ब्लॉक भरत आले. ऑगस्ट २०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन आणि माइक हर्न या बिटकॉइनच्या जुन्या प्रोग्रामरांनी नोडच्या प्रोग्रामची वेगळी आवृत्ती, बिटकॉइन एक्सटी, आणली: मर्यादा आठ एमबी, मग दर दोन वर्षांनी दुप्पट, २०३६ पर्यंत आठ जीबी. एका ब्लॉकला आठ जीबी, दर दहा मिनिटांनी. असे ब्लॉक भरून आले असते तर माझी डिस्क काही तासांतच संपली असती. मोठ्या ब्लॉकवाल्यांचं म्हणणं सरळ होतं, लोकांना स्वस्तात व्यवहार हवेत, तपासण्याचं काम मोठ्या यंत्रांनी करावं. त्यांना आधारही होता. खुद्द सातोशीनंच नोव्हेंबर २००८ मध्ये लिहिलं होतं की जाळं वाढलं की नोड हळूहळू सर्व्हरांची फौज बाळगणाऱ्या तज्ज्ञांकडे जातील. लहान ब्लॉकवाले म्हणत, तसं झालं तर बँका काय वाईट होत्या?

मे २०१७ मध्ये पन्नासहून जास्त कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये करार केला, ब्लॉक वाढवायचे असं ठरवलं. बहुतेक मायनिंग त्यांच्या बाजूनं. ते होईना. १ ऑगस्टला मोठ्या ब्लॉकवाल्यांचं बिटकॉइन कॅश वेगळं निघालं, २४ ऑगस्टला सेगविट, म्हणजे सह्या वेगळ्या मोजून ब्लॉकमध्ये थोडी जागा वाढवणारा बदल, लागू झालं, आणि ८ नोव्हेंबरला उरलेली वाढ मागे घेतली गेली. घरगुती नोडवाल्यांनी बड्या कंपन्यांना नमवलं, अशी ही गोष्ट आता पोवाड्यासारखी सांगितली जाते. मला ती थोडी भाबडी वाटते. वायदेबाजारात नव्या नाण्याला भाव मिळत नव्हता, हे कंपन्यांनाही दिसत होतं. पण घरगुती नोड चालवणं तेव्हा पाच-सहा हजारांचं काम नसून पाच लाखांचं असतं, तर भांडायला हजारो लोक मुळात उरले नसते, एवढं मला मान्य आहे.

गंमत म्हणजे मोठे ब्लॉक मागून वेगळ्या झालेल्या त्या साखळीचे ब्लॉक बहुतेक वेळा रिकामेच जातात, त्यामुळे तिचा नोड आज बिटकॉइनच्या नोडहून हलका आहे.

हिशेबनीस म्हणून मला या भांडणातली एकच नोंद महत्त्वाची वाटते, आणि ती दोन्ही बाजू घाईत ओलांडून जातात. व्यवहार करणारा शुल्क देतो एकदा. ते जातं मायनरकडे. पण त्या व्यवहाराची नोंद साठवतो कोण? जगातला प्रत्येक पूर्ण नोड, कायमचा. उद्या जो नवा नोड सुरू होईल तोसुद्धा पहिल्यापासून सगळं उतरवणार. जमा एकाच्या खात्यात आणि खर्च हजारोंच्या, आणि त्यातल्या निम्म्यांचा अजून जन्मही झालेला नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार. ब्लॉकच्या आकाराला मर्यादा नसेल तर या उदारपणाला दुसरा कुठला लगाम नाही. म्हणून मी लहान ब्लॉकवाल्यांच्या बाजूची, तत्त्वज्ञानाच्या नव्हे तर वहीच्या कारणासाठी.

पण तो लगामही तोकडा पडलाय. सेगविटनं सह्यांच्या भागाला मोजमापात सूट दिली: बाकीच्या बाइटला जेवढं वजन, त्याच्या चौथा हिस्सा. हेतू चांगला होता. जानेवारी २०२३ मध्ये ऑर्डिनल्स, म्हणजे व्यवहारात चित्रं-मजकूर कोरण्याची पद्धत, आले आणि लोकांनी त्या सवलतीच्या जागेत चित्रं भरायला सुरुवात केली. माझ्या बुटांच्या कपाटावर आता माकडांची, बेडकांची चित्रं आहेत. ती मी मागवलेली नाहीत. ब्लॉकची कमाल मर्यादा चार एमबीपर्यंत जाते ती याच वाटेनं.

चित्रांचा लोकांना राग येतो, मला तेवढा येत नाही. ती निदान पुसता येतात. खरा बोजा कुठे वाढला ते फार कुणी बघत नाही. न खर्च झालेल्या नाण्यांची जी यादी मी वर सांगितली, तिच्यातल्या नोंदी २०२३ च्या सुरुवातीला साडेआठ कोटींच्या आसपास होत्या. वर्ष-दीड वर्षात त्या दुपटीहून जास्त झाल्या, कारण चित्रांच्या पाठोपाठ टोकनांचे, म्हणजे याच साखळीवर काढलेल्या दुसऱ्या नाण्यांचे, खेळ आले आणि प्रत्येक खेळात चिल्लरीच्या लाखो नोंदी तयार झाल्या. पाच जीबीची यादी अकरा-बारा जीबीची झाली. ही यादी पुसता येत नाही. साडेपाचशे एमबीत भागवणाऱ्या नोडलाही ती सगळी ठेवावीच लागते, आणि ती रॅममध्ये जेवढी मावेल तेवढं तपासणं जलद. माझ्या आठ जीबीत ती आता पूर्ण मावत नाही. त्या चिल्लरीतल्या बऱ्याचशा नोंदी कधीच खर्च होणार नाहीत, कारण त्या खर्च करायला लागणारं शुल्क त्यांच्या किमतीहून जास्त आहे. आमच्या भाषेत बुडीत येणी. आम्ही ती निर्लेखित करतो, पण बिटकॉइनमध्ये निर्लेखन नाही.

लहान ब्लॉकवाल्यांना जे आवडत नाही तेही लिहायला हवं. तपासणी स्वस्त ठेवली की व्यवहार महाग होतात. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेलं होतं. २० एप्रिल २०२४ ला, टोकनांचा रून्स नावाचा नवा खेळ सुरू झाला तेव्हा, शंभर डॉलरच्या वर. म्हणजे आठ हजार रुपये, एका व्यवहाराला. माझ्या नोडची पाच वर्षांची वीज. एरवी शुल्क अगदी नगण्यही असतं, पण ज्या दिवशी पैसे हलवायची गरज पडेल तो दिवस आपण निवडत नाही. दप्तर घरात आहे, सगळे फेरफार मी तपासते, पण माझ्या नावचा फेरफार टाकायचा तर स्टँपड्युटी परवडत नाही, अशी ती गत.

इतर साखळ्यांनी दुसरं टोक गाठलं. सोलानाच्या व्हॅलिडेटरला, म्हणजे तिथे ब्लॉक तपासणाऱ्या यंत्राला, निदान २५६ जीबी रॅम लागते. ते घरगुती यंत्र नव्हे, कुणी तसा दावाही करत नाही. इथेरियमचं दुखणं जास्त शिकवण्यासारखं आहे. तिथे नोड चालवणं शक्य आहे: दोन टीबीची वेगवान एसएसडी, सोळा-बत्तीस जीबी रॅम, आणि सप्टेंबर २०२२ नंतर एका ऐवजी दोन प्रोग्राम सांभाळायचे. शक्य आहे म्हणून कुणी करतं का? बहुतेक वॉलेट इन्फ्युरासारख्या कंपनीच्या नोडला विचारून मोकळी होतात. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युराच्या यंत्रांवर जुनी आवृत्ती होती, ती साखळीपासून फुटली, आणि मोठमोठ्या एक्सचेंजांना इथेरियमचे व्यवहार थांबवावे लागले. मार्च २०२२ मध्ये निर्बंधांची एक सेटिंग बदलताना व्हेनेझुएलातल्या लोकांची मेटामास्क वॉलेट चुकून बंद पडली. साखळी दोन्ही वेळा चालूच होती. खर्च वाचवण्यासाठी लोकांनी तपासणी ज्याच्याकडे सोपवली होती, तो तेवढा बसला.

बिटकॉइनमध्येही असं झालंय. ४ जुलै २०१५ ला एक नवा नियम लागू झाला. काही मोठे मायनर वेळ वाचवायला मागचा ब्लॉक न तपासताच त्यावर पुढचा बांधत होते. नियम मोडणारा एक ब्लॉक आला आणि त्यांनी त्यावर एकापाठोपाठ एक रचले, सहा ब्लॉकची खोटी साखळी. मोबाइलवरच्या हलक्या वॉलेटना ती खरीच वाटली, कारण ती ब्लॉकची फक्त शीर्षकं बघतात, आतले व्यवहार नाही. शीर्षक ८० बाइटचं, वर्षभराची शीर्षकं चार एमबीत बसतात. ज्यांच्या घरी अद्ययावत पूर्ण नोड होता त्यांना काहीच करावं लागलं नाही. इतरांना सांगण्यात आलं की व्यवहार पक्का धरण्याआधी नेहमीपेक्षा तीस ब्लॉक जास्त थांबा. पाच तास. त्या दिवशी नोडला पैशात मोजण्यासारखी किंमत होती, आणि ती चालवणाऱ्यालाच मिळाली. लष्कराच्या भाकऱ्या म्हणताना मी ‘वरवर बघता’ म्हटलं ते यासाठी.

मात्र ‘चालवणाऱ्याला मिळाली’ यात एक अट आहे. वॉलेट त्या नोडला जोडलेलं असलं पाहिजे. नुसताच चालू ठेवलेला, ज्याला कुणी काही विचारत नाही असा नोड म्हणजे देव्हाऱ्यातला दिवा. घराला बरं वाटतं. जोडलेला असला तर दुसराही फायदा आहे, माझे पत्ते कुठल्या सर्व्हरला कळत नाहीत. कर चुकवण्याशी याचा संबंध नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के आणि जुलैपासून एक टक्का टीडीएस आहे, तो मी भरते आणि अशिलांनाही भरायला लावते.

म्हणून कुणी ‘मीही नोड घेऊ का’ असं विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, तुमची नाणी कुठे आहेत? ‘ॲपमध्ये’ असं उत्तर आलं की मी एसएसडीचा विषय बंद करते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजमधून २३ कोटी डॉलरची चोरी झाली, त्या ग्राहकांच्या घरी दहा नोड असते तरी फरक पडला नसता. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात तर अठरा महिने दरमहा दहा टक्के असं आमिष होतं. लोकांच्या हातात आकडा होता, नाणं नव्हतं. त्यांच्यातले दोघेतिघे माझ्याकडे कागद घेऊन आले होते. काय तपासणार? स्वतःच्या चाव्या स्वतःकडे असलेली, रक्कम झोप उडवण्याएवढी असलेली आणि लाईट गेल्यावर चिडचिड न होणारी माणसं, एवढ्यांनाच मी नोड सुचवते. आतापर्यंत एकानंच घेतला. त्याचा कापडाचा धंदा आहे आणि तो पै-पैचं बिल तपासून घेतो.

एक खर्च या सगळ्यात मांडलेला नाही, कारण त्याला खातं सापडत नाही. वाचत राहावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन कोअरची, म्हणजे बहुतेक नोडांवर चालणाऱ्या प्रोग्रामची, तिसावी आवृत्ती आली. व्यवहारात इतर मजकूर घालण्यावर नोड पाळत असलेली जुनी ८० बाइटच्या आसपासची मर्यादा तिनं एक लाखावर नेली. ब्लॉकच्या नियमांत हा मजकूर आधीही बसत होता. नोडांनी तो पुढे ढकलायचा की नाही एवढाच प्रश्न. कोअरवाले म्हणतात, तुम्ही अडवलं तर लोक तोच कचरा नाण्यांच्या यादीत घुसवतील, जी पुसता येत नाही. त्यापेक्षा पुसता येण्याजोग्या जागी टाकू द्या. विरोधक ल्यूक डॅशज्यूनिअर या प्रोग्रामरच्या ‘नॉट्स’ या पर्यायी प्रोग्रामकडे गेले, बाहेरून मोजता येणाऱ्या नोडांतला पाचवा हिस्सा त्यांचा झाला. हा ल्यूक २०१९ मध्ये ब्लॉक उलट तीनशे केबीचे करा म्हणत होता, म्हणजे माझ्या घसाऱ्याचा विचार करणारा तो एकटाच. पण त्याच्या बाकी मतांवर विश्वास टाकताना माझा हात थांबतो, आणि यादीबद्दल कोअरवाल्यांचं म्हणणं पटतं. आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “फुकटचं यंत्र आणि भांडण घरात!”

माझ्या पीसीवर सध्या एकोणतिसावीच आवृत्ती आहे. दोन्ही बाजूंचं नीट वाचून ठरवीन म्हणते. मार्चअखेरच्या आत ते होईल असं काही दिसत नाही, आणि डिस्क दोन टीबीची घ्यायची की जुने ब्लॉक पुसायचे हेही त्याच्यामागोमाग रांगेत आहे.